टेस्टिंगची थिअरी आधी शिकायची की थेट टूल हातात घ्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा: बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स झालंय, पुण्यातल्या एका क्लासमध्ये मॅन्युअल टेस्टिंग आणि ब्राउझर आपोआप चालवणारं सेलेनियम हे टूल शिकून झालंय, व्याख्या पाठ आहेत. तरी मुलाखतीत ‘हे लॉगिन पेज कसं टेस्ट कराल?’ असं विचारलं की सात-आठ केसेस सांगून गाडी अडते. मग थिअरी शिकलो ती कशासाठी, आणि खरा सराव करायचा तर कशावर?

गाडी अडते, कारण क्लासमध्ये तुम्हाला टेस्ट चालवायला शिकवलं. कुठली टेस्ट चालवायची आणि कुठली सोडून द्यायची, हे शिकवायचं राहून गेलं. टेस्टिंगची सगळी थिअरी या एका निवडीभोवती फिरते. तशी शिकलात तर ती रोज कामाला येते. व्याख्या म्हणून शिकलात तर परीक्षेनंतर विसरते.

निवड का करावी लागते ते आधी पाहू. दोन संख्यांची बेरीज करणारं एक साधं फंक्शन घ्या, दोन्ही संख्या ३२ बिटांच्या. सगळ्या जोड्या तपासायच्या ठरवल्या आणि सेकंदाला १०० कोटी टेस्ट चालवल्या, तरी काम संपायला सुमारे ५८५ वर्षं लागतील. हे फक्त बेरजेचं झालं. म्हणून संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा १९६९ सालीच सांगून गेले की टेस्टिंगने बग आहे हे दाखवता येतं, बग नाही हे दाखवता येत नाही. अनंत शक्यतांतून तुम्ही पन्नास निवडणार. त्याच पन्नास का, याचं उत्तर ज्याच्याकडे आहे तो टेस्टर.

आता कागद-पेन घ्या आणि एसटीच्या तिकिटाचा हिशेब करणारा प्रोग्राम समोर आहे असं धरा. नियम आपल्याला माहीत आहेत: ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना ५० टक्के सवलत, ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास, आणि मार्च २०२३ पासून महिलांना ५० टक्के सवलत. नवखा टेस्टर ३, ८, ३०, ७० आणि ८० ही वयं टाकून बघतो. पाचही उत्तरं बरोबर येतात आणि तो ‘पास’ लिहून मोकळा होतो. त्याने प्रत्येक गटातला एकेक प्रतिनिधी घेतला, म्हणजे समान गट पाडण्याचं तंत्र वापरलं. तिथवर ठीकच आहे. पण बग गटाच्या मध्यभागी क्वचितच असतो.

का, ते कोडच्या जवळ जाऊन बघा. डेव्हलपरने ‘वय > ७५’ लिहिलंय की ‘वय >= ७५’? या दोन ओळींत ७४ चं उत्तर सारखं येतं, ७६ चंही सारखंच येतं आणि ८० चंही. फरक दिसतो तो एकाच आकड्यावर, नेमक्या ७५ वर. सीमेवरची मूल्यं तपासा असं पुस्तकं सांगतात त्यामागचं कारण एवढंच आहे. माणूस कोड लिहिताना चुकतो तो तुलनेच्या चिन्हात, आणि ती चूक सीमेखेरीज दुसरीकडे कुठेही दिसत नाही. हे एकदा पटलं की ७४, ७५, ७६ हे आकडे पाठ करावे लागत नाहीत.

आणि आता ७५ चं बरोबर उत्तर काय? ‘६५ ते ७५’ मध्ये ७५ येतात की ‘७५ वर्षांवरील’ मध्ये? आज पंच्याहत्तरी पूर्ण झालेल्या आजोबांचं तिकीट अर्धं की मोफत? नियमाच्या दोन वाक्यांवरून याचा निकाल लागत नाही. टेस्ट लिहायला बसल्यावर तो प्रश्न समोर येतो, आणि एक ओळही न चालवता तुम्हाला पहिला दोष सापडतो. तो कोडमधला नाही, कागदावरचा आहे, आणि कागदावरचा दोष दुरुस्त करायला सगळ्यात स्वस्त.

पुढे जा. ७० वर्षांच्या आजींना दोन सवलती लागू होतात. तिकीट अर्धं की अर्ध्याचं अर्धं? आठ वर्षांच्या मुलीचं काय? ७६ वर्षांच्या बाईला मोफत की महिला म्हणून अर्धं? एकीकडे वयोगट, दुसरीकडे स्त्री-पुरुष, असा तक्ता आखला की प्रत्येक चौकोनात काहीतरी लिहावंच लागतं, आणि जिथे पेन थांबतं तिथे नियमाला भोक आहे. याला डिसिजन टेबल म्हणतात. मग तारखा. आगाऊ आरक्षण करताना प्रवासी ६४ वर्षांचा आहे, प्रवासाच्या दिवशी ६५ चा असेल. कुठली तारीख धरायची? गाडी रात्री अकराला सुटते आणि वाढदिवस मध्यरात्रीनंतर सुरू होतो. एखाद्याचा जन्म २९ फेब्रुवारी १९६० चा. त्याला ६५ वर्षं २०२५ मध्ये पूर्ण होतात, आणि त्या वर्षी २९ फेब्रुवारी नाही. महिलांची सवलत राज्याच्या हद्दीपुरती, तर कोल्हापूरहून बेळगावला जाणाऱ्या बाईच्या भाड्याचे तुकडे कसे पाडायचे? भाडं विषम आकड्यात असेल तर निम्मं करताना पन्नास पैशांचं काय? हे सगळं सुचायला कुठलंही टूल लागलं नाही.

लॉगिन पेजवर तुम्ही अडता ते वेगळ्या कारणाने. तिथे तुम्ही दोन चौकटी आणि एक बटण बघता, म्हणून केसेस ‘बरोबर पासवर्ड, चुकीचा पासवर्ड, रिकामा पासवर्ड’ इथेच संपतात. त्याऐवजी खात्याच्या अवस्था कागदावर वर्तुळांनी काढा: नोंदणीच नाही, नोंदणी आहे पण ईमेल पडताळलेला नाही, चालू, लॉक झालेलं, पासवर्डची मुदत संपलेलं, बंद केलेलं. एका वर्तुळातून दुसऱ्यात नेणारे बाण काढा. प्रत्येक बाण ही एक टेस्ट. जो बाण असायला नको तीसुद्धा टेस्ट, आणि बहुतेक वेळा जास्त महत्त्वाची. लॉक झालेल्या खात्याला ‘पासवर्ड विसरलात?’ मधून मागच्या दाराने शिरता येतं का? नवा ओटीपी मागवल्यावर जुना चालतो का? लॉगआउट केल्यावर ब्राउझरचं मागे जायचं बटण दाबलं तर आतलं पान दिसतं का? दोन मोबाइलवर लॉगिन असताना एकावर पासवर्ड बदलला तर दुसरा बाहेर पडतो का? मुलाखत घेणाऱ्याला केसेसची लांबलचक यादी नको असते. तुमच्या डोक्यात असं काही चित्र आहे का, ते तो बघत असतो. आणि उत्तर द्यायच्या आधी ‘किती चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं लॉक होतं?’ असे दोन-तीन प्रश्न तुम्ही उलट विचारलेत तर निम्मं काम तिथेच होतं.

थिअरीतला दुसरा मोठा विषय क्लासेसमध्ये जवळजवळ कोणीच शिकवत नाही: बरोबर उत्तर कोणतं, हे ठरवणार कसं? एसटीच्या भाड्याचं परिपत्रक हातात असतं. पण शॉपिंग साइटवर ‘पैठणी’ शोधल्यावर आलेले निकाल बरोबर आहेत की नाहीत, हे कुठल्या कागदावरून ठरवाल? इथे नेमकं उत्तर माहीत नसतं, तरी उत्तरांमधलं नातं माहीत असतं. ‘पैठणी’चा शोध लाल रंगापुरता मर्यादित केला तर निकालांची संख्या वाढता कामा नये. तिकिटात एक प्रवासी वाढवला तर एकूण भाडं कमी होता कामा नये. स्वस्त ते महाग असा क्रम उलटा केला तर एकही वस्तू गायब होता कामा नये. अशी नाती तपासण्याला मेटामॉर्फिक टेस्टिंग म्हणतात. याच विचाराचं एक भावंड म्हणजे गुणधर्मांवर आधारलेलं टेस्टिंग: तुम्ही फक्त नियम सांगायचा, आणि तो मोडणारा इनपुट यंत्राने शेकडो प्रयत्न करून शोधायचा. हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेतल्या क्विकचेक या टूलने २००० च्या सुमारास ही पद्धत रुळवली. पायथनमध्ये त्यासाठी हायपोथेसिस नावाची लायब्ररी आहे. ती लवकर शिका. ती सापडवून देते ते इनपुट पाहिले की आपली कल्पना किती ठरावीक वाटेने चालते ते कळतं.

कव्हरेजबद्दल मात्र सावध करायचंय. ‘आमचं कव्हरेज ९० टक्के आहे’ हे वाक्य तुम्ही नोकरीत वारंवार ऐकाल. कव्हरेज सांगतं की लिहिलेल्या कोडपैकी किती ओळींवरून टेस्ट गेली. जो कोड लिहायलाच हवा होता पण लिहिला गेला नाही, त्याबद्दल ते काहीच सांगत नाही. ओळीवरून टेस्ट गेली म्हणजे तिथलं उत्तर कोणी पडताळून पाहिलं, असंही नाही. टेस्ट खरंच पकडतात का, हे बघायचा प्रामाणिक मार्ग म्हणजे कोडमध्ये मुद्दाम बिघाड करणं. वरच्या उदाहरणात ‘>=’ चं ‘>’ करा आणि टेस्ट चालवा. सगळ्या हिरव्या, म्हणजे पास, राहिल्या तर तुमच्या टेस्टना ७५ ची सीमा माहीतच नाही. याला म्युटेशन टेस्टिंग म्हणतात. रिचर्ड डीमिलो, रिचर्ड लिप्टन आणि फ्रेडरिक सेवर्ड यांनी १९७८ मध्ये ते मांडलं. टूल न घेता हातानेही करता येतं. शिकताना हातानेच करा.

चुकीच्या ठिकाणाहून निवडलेल्या टेस्ट कुठवर नेतात, याचा सगळ्यात चांगला दस्तऐवज म्हणजे एरियान ५ रॉकेटच्या अपघाताचा चौकशी अहवाल. ४ जून १९९६ ला फ्रेंच गयानातल्या कुरू इथून हे रॉकेट पहिल्यांदाच उडालं आणि ४० सेकंदांच्या आतबाहेर वाट सोडून फुटलं. रॉकेटची दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेतलं सॉफ्टवेअर जुन्या एरियान ४ वरून जसंच्या तसं उचललेलं होतं. त्यात आडव्या वेगाशी संबंधित ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बदलली जायची. १६ बिटांत ३२,७६७ पेक्षा मोठं काही मावत नाही. एरियान ४ च्या मार्गावर तो आकडा तिथवर जातच नसे, आणि तसं तपासूनच तिथे संरक्षण न ठेवण्याचा निर्णय झाला होता. एरियान ५ चा मार्ग वेगळा, आडवा वेग कितीतरी जास्त. संख्या मावली नाही आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेतही तेच सॉफ्टवेअर होतं, त्यामुळे तीही त्याच कारणाने बंद पडली. कोडचा हा भाग उड्डाणानंतर एरियान ५ ला काही उपयोगाचाही नव्हता.

अहवालातली मला सर्वांत बोचणारी गोष्ट टेस्टिंगबद्दलची आहे. त्या यंत्रणेची एरियान ५ च्या मार्गाचे आकडे देऊन चाचणी झालेलीच नव्हती. संपूर्ण रॉकेटच्या चाचण्यांमध्ये तिच्या जागी नकली यंत्रणा जोडलेली होती. आज आपण ज्याला मॉक म्हणतो, तेच. म्हणून मॉक वापरताना दर वेळी स्वतःला विचारायचं: मी ज्याची जागा भरतोय, ते खरं कुठे आणि कधी तपासलं जाणार आहे? जॅक-लुई लिऑन्स यांच्या अध्यक्षतेखालचा हा अहवाल इंग्रजीत आहे, लहान आहे आणि सहज मिळतो. तो वाचा, आणि प्रत्येक निष्कर्षापाशी थांबून ‘हे कुठल्या टेस्टने पकडलं असतं?’ याचं उत्तर लिहा.

आता सराव. मराठी माणसाच्या हाताशी टेस्टिंगची एक अशी खाण आहे, जी इंग्रजीत काम करणाऱ्या टेस्टरला सहसा दिसतच नाही: देवनागरी मजकूर. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव घ्या. वाचणाऱ्याला चार अक्षरं दिसतात: ज्ञा, ने, श्व, र. संगणकाला दहा दिसतात, कारण हलन्त, काना, मात्रा हे सगळे वेगळे मोजले जातात. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीने, साठवलं तर प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे एकूण तीस. डेटाबेसचा रकाना वीस बाइटांचा असेल आणि प्रोग्राम तिथे कात्री लावत असेल, तर सहा चिन्हांचे अठरा बाइट पूर्ण जातात, आणि सातव्या ‘श’ चे तीनपैकी दोन उरतात. पडद्यावर ‘ज्ञाने’ आणि त्यापुढे प्रश्नचिन्हाचा चौकोन. ‘John’ टाइप करून बघणाऱ्याला हा बग कधीच भेटणार नाही.

‘कऱ्हाड’ लिहून बघा. त्यातला अर्धा ‘र’ निदान तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो: स्वतंत्र ‘ऱ’ म्हणून, ‘र’ ला नुक्ता (खालचं टिंब) जोडून, किंवा ‘र’ आणि हलन्तानंतर झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह घालून. तिन्ही डोळ्यांना सारखे दिसतात. एका कीबोर्डवरून भरलेला पत्ता दुसऱ्या कीबोर्डवरून शोधला तर सापडत नाही. युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका साच्यात आणणं, पहिले दोन प्रकार एकत्र आणतं, तिसरा तसाच राहतो. म्हणजे डेव्हलपरने ‘नॉर्मलायझेशन केलंय’ असं सांगितलं तरी तुमची तिसरी टेस्ट शिल्लक असतेच. आकड्यांचंही तसंच. मोबाइल नंबर देवनागरीत टाका. पायथन ‘५’ ला मुकाट्याने पाच समजतं, जावास्क्रिप्ट त्याला संख्या मानत नाही. ब्राउझर आणि सर्व्हर दोन वेगळ्या भाषांत लिहिलेले असले की एक नाकारतो, दुसरा स्वीकारतो, आणि त्या फटीत बग राहतो. एसएमएस पाठवणारी यंत्रणा असेल तर मराठी मजकुराची मर्यादा १६० ऐवजी ७० चिन्हांवर येते. त्यापुढे एकाचे दोन संदेश होतात आणि बिल वाढतं. ७०, ७१ या सीमा तुम्ही आता स्वतःच काढू शकाल.

हा सराव स्वतःच्या मशीनवर चालवलेल्या ओपन सोर्स (कोड सर्वांना खुला असलेल्या) सॉफ्टवेअरवर करा. दुसऱ्याच्या चालू साइटवर नाव-पत्ता टाइप करून बघणं वेगळं. परवानगीशिवाय तिच्यावर लोड टेस्ट (भरमसाट विनंत्या पाठवून ताण तपासणं) चालवणं किंवा सुरक्षेची भोकं शोधणं हा २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात गुन्हा ठरू शकतो. सुरक्षेचा सराव हवा असेल तर सॉफ्टवेअरच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प संस्थेचं ज्यूस शॉप हे मुद्दाम सदोष बनवलेलं दुकान आपल्या लॅपटॉपवर बसवा.

टूलबद्दल थोडक्यात. जेसन हगिन्स यांनी २००४ मध्ये सुरू केलेलं सेलेनियम अजून नोकऱ्यांच्या जाहिरातींत भरपूर दिसतं, नव्या प्रोजेक्टमध्ये त्याच कामाचं प्लेराइटही. दोन्हींपैकी कुठलंही एक नीट येणं पुरे. एक आलं की दुसरं जड जात नाही. त्याआधी एक प्रोग्रामिंग भाषा, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), गिट (कोडमधले बदल नोंदवणारं टूल), आणि ब्राउझर-सर्व्हरमधली देवाणघेवाण दाखवणारा, डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब. हा शेवटचा सगळ्यात दुर्लक्षित. चूक पडद्याची आहे की सर्व्हरच्या उत्तराची, हे तिथे मिनिटात कळतं, आणि ते सांगू शकणाऱ्या टेस्टरचं म्हणणं डेव्हलपर मान खाली घालून ऐकतो. ऑटोमेशनमध्ये ‘पाच सेकंद थांब’ असं लिहायची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घेऊ नका. पान तयार होण्याची अट लिहा. नाहीतर कधी हिरव्या, कधी लाल होणाऱ्या टेस्ट जमा होतात, आणि थोड्या दिवसांनी लाल रंगाकडे कोणी बघेनासं होतं.

आयएसटीक्यूबी या टेस्टिंगची प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेची फाउंडेशन परीक्षा द्यावी का? ४० प्रश्न, ६० मिनिटं, पास व्हायला २६ गुण. बऱ्याच कंपन्या बायोडेटा चाळताना ती बघतात आणि शब्दसंग्रह एकसारखा होतो, म्हणून परवडत असेल तर द्या. तिच्या अभ्यासाने बग शोधता येऊ लागतील, ही अपेक्षा ठेवू नका.

शेवटी, अनुभव नसताना अनुभव कुठून आणायचा? लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरसारख्या प्रकल्पाच्या बगझिलामध्ये, म्हणजे बगांच्या जाहीर नोंदवहीत, ‘अनकन्फर्म्ड’ म्हणून पडलेल्या तक्रारी असतात. कोणीतरी बग कळवलाय, पण दुसऱ्या कोणी तो स्वतःच्या मशीनवर करून पाहिलेला नाही. त्यातली एक उचला. दिलेल्या पायऱ्यांनी बग येतो का बघा. येत नसेल तर काय कमी आहे ते विचारा: कुठली आवृत्ती, कुठली ऑपरेटिंग सिस्टिम, कुठली फाइल. येत असेल तर पायऱ्या कमी करत न्या. चाळीस पानांच्या फाइलऐवजी एका परिच्छेदात येतो का? त्या परिच्छेदातला फॉन्ट बदलला तर जातो का? जुन्या आवृत्तीत होता का? ‘मराठी मजकूर नीट दिसत नाही’ ही तक्रार ‘ठळक केलेल्या शब्दात र्‍य असेल तर पीडीएफ करताना जोडाक्षर तुटतं, छापून पाहिल्यावर तुटत नाही’ इथवर आली, की डेव्हलपरला कुठली फाइल उघडायची ते समजतं. अशा तक्रारींवर तुम्ही जे लिहाल ते तुमच्या नावाने सर्वांना दिसतं, आणि बायोडेटात त्याची लिंक देता येते. आठवड्याला एक पुरे, पण ती पूर्ण तळाशी नेलेली हवी. पहिल्या तीन-चार तक्रारी वेळ खातील. त्यानंतर तक्रार वाचतानाच तुम्हाला कळू लागेल की लिहिणाऱ्याची कुठली गोष्ट सांगायची राहून गेलीय.